मेहुण्याच्या जामिनाची तीन कोटेशनं

फौजदारी वकील फी कशी घेतात हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्याने खुशाल माझ्याकडे यावं. मी फुकट सांगतो. या विषयात फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट आहे. पण लोक येत नाहीत. पूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला साधा पंखा घ्यायचा असला तरी माझ्या दाराची बेल वाजायची. आता लोक परस्पर जाऊन वस्तू घेऊन येतात, आणि जिन्यात मी दिसलो की खोका पाठीमागे धरून उभे राहतात.

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीस, रबरी वॉशर, हे सगळं माझ्या सहीने आत येतं. खरेदीचा धर्म सोपा आहे. तीन कोटेशनं घ्यायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यांत स्वस्त असेल त्याला बोलवायचं आणि आणखी खाली आणायचं. खाली आणायची माझी स्वतःची एक पद्धत आहे. समोरच्याने शेवटचा आकडा सांगितला की मी "बरं, बघू" म्हणून उठतो आणि निघतो. पण सावकाश. दारात थांबून चष्मा पुसतो. जिन्यात वाकून बुटाची नाडी बांधतो. नाडी सुटलेली नसली तर आधी सोडतो आणि मग बांधतो. तेवढ्यात पाठीमागून हाक येतेच. "अहो साहेब, या तर खरं." इतक्या वर्षांत ती हाक आली नाही असं कधी झालं नव्हतं. आमचे मोठे साहेब म्हणायचे, या माणसाला ऑपरेशनला पाठवलं तर तो डॉक्टरकडून वर दोन इंजेक्शनं फुकट घेऊन येईल. मी ते कौतुक समजत आलो.

घरातही हाच कारभार. फ्रिज, खिडक्यांच्या जाळ्या, मुलीची शिकवणी, सगळ्याला तीन कोटेशनं. सासूबाईंच्या कवळीचीसुद्धा मीच तीन आणली होती. त्यांतली सगळ्यांत स्वस्त कवळी लावून त्या आजही फक्त मऊ पदार्थ खातात, पण कवळी टिकली आहे, हे कुणी बोलत नाही.

तर मेहुणा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. एका घरगुती उपकरणांच्या व्यापाऱ्याच्या गोदामात सुपरवायझर होता. काम चोख, पगार तुटपुंजा, आणि मालक असा की चहाच्या कपाला बशीचे वेगळे पैसे लावील. मेहुण्याने दुसरीकडे अर्ज केला, आणि नशिबाने एका मोठ्या कंपनीत त्याला नोकरी लागली. पगार जवळजवळ दुप्पट. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. आला नाहीत तर यादीतल्या पुढच्या माणसाला घेऊ, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यासाठी त्याने नवा शर्टही शिवून घेतला होता. जुन्या मालकाला राजीनामा दिला तेव्हा मालकाने तो ठेवून घेतला. त्याने गोदामातला माल मोजायला लावला, मिक्सरचे काही खोके कमी भरले, आणि गुरुवारी संध्याकाळी पोलीस मेहुण्याला घेऊन गेले.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. बायको फोन कानाला लावून भिंतीला टेकून खाली बसली. मी हात धुतले आणि म्हणालो, "काळजी करू नकोस. मी आहे ना." आमच्या लग्नात एवढं मोठं वाक्य मी फार वेळा बोललेलो नाही. तीही डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून तर." हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण नंतर तिने हे वाक्य पार परत घेतलं.

मी पोलीस ठाण्यात गेलो. मेहुणा जाळीच्या पलीकडे बाकावर बसला होता. बेल्ट काढून घेतला होता, त्यामुळे तो उभा राहिला तेव्हा एका हाताने पँट धरून राहिला. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, "भाऊजी." एवढंच.

मी विचारलं, "कधीपर्यंत सुटायला हवंस?"

खरेदीत पहिला प्रश्न हाच असतो. माल कधी हवा? कारण घाई असली की दर चढतो.

"म्हणजे?" तो म्हणाला. "सोमवारी हजर व्हायचंय ना मला."

"ते कुणाजवळ बोलू नकोस," मी हळूच सांगितलं. "आपल्याला घाई आहे हे कुणाला कळता कामा नये. कळलं की वकील डोक्यावर बसतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि पँट सावरत परत बाकावर बसला.

मी घरी येईपर्यंत बातमी बिल्डिंगभर झाली होती. वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका चप्पल न घालताच खाली आले होते. यांना बँकेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण सल्ले द्यायचं खातं अजून चालू आहे. म्हणाले, "वकील मोठा करा. न्यायाधीश माणूस बघतात, कागद नाही." त्यांच्या पाठोपाठ तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी आल्या. त्यांचं म्हणणं नेमकं उलट. "मोठा वकील केला की न्यायाधीशाला वाटतं, याने नक्कीच चोरी केलीय, नाहीतर एवढा खर्च कशाला केला असता? गरीब वकील करा. दया येते." काका म्हणाले, कोर्टात दयेला काही किंमत नसते. मावशी म्हणाल्या, तुमच्या बँकेतही नव्हती. दोघं माझ्या सोफ्यावर बसून भांडत राहिले, आणि बायको त्यांना चहा करून देत राहिली. चहात साखर घालायला विसरली, तरी कुणी बोललं नाही. तेवढी त्यांना जाण होती.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "माझ्या मैत्रिणीच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. चांगल्या आहेत म्हणे. सकाळी थेट त्यांच्याकडेच जाऊ."

"जाऊ की," मी म्हणालो. "तिसरं कोटेशन त्यांचं."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी सहसा गंजलेला माल पाठवणाऱ्याकडे बघताना वापरतो. "अहो, तो माझा भाऊ आहे. बेअरिंग नाही."

"म्हणूनच तर," मी म्हणालो. "बेअरिंगसाठी एवढं करतो, मग भावासाठी नको का करायला?"

हे वाक्य मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर आजही वाटतं.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला रजा कळवली आणि बायकोला आईजवळ पाठवून एकटाच निघालो. भाव करताना बरोबर रडणारं माणूस नसावं.

पहिले, मोठे वकील. त्यांच्या ऑफिसात शिरलं की आधी माशांची पेटी लागते. पेटीत एकच मासा होता आणि तो माणसाकडे बघून तोंड उघडत होता. बाकी कुणी बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी आत बोलावलं. मोठे वकील खुर्चीत मागे रेलून होते, काळा कोट खुंटीवर होता, आणि मी बसताच त्यांच्या असिस्टंट मुलीने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघून काहीतरी टिपलं.

मी विचारलं, "साहेब, आपली फी कशी असते?"

आणि त्यांनी समजावून सांगितलं. अत्यंत सविस्तर, गोड शब्दांत. गुन्हा किती गंभीर, शिक्षा किती होऊ शकते, साक्षीदार किती, कोर्ट कोणतं, यावर फी ठरते. जामिनाची वेगळी, खटल्याची वेगळी, वरच्या कोर्टात गेलं तर तिथली वेगळी. वकिलाचा अनुभव हाही एक घटक असतो, असं म्हणताना त्यांनी स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. मी मध्येमध्ये शंका विचारल्या. निम्मे पैसे काम झाल्यावर तीस दिवसांनी दिले तर चालतील का?

"आणि जामीन झाला नाही तर?" त्यांनी विचारलं.

"मग तो रिजेक्टेड माल. त्याचं पेमेंट आम्ही करत नाही."

ते हसले. म्हणाले, फौजदारी वकिलाने निकालावर फी ठरवायची नसते, तशी परवानगीच नसते. सुटला तरी तीच, अडकला तरी तीच.

"आणि त्याने चोरी केलीच नसेल तर?"

"तरी तीच."

"केली असेल तर?"

"तीच हो."

माझं डोकं इथे जरा फिरलं. म्हणजे निर्दोष माणसाला एका पैशाची सूट नाही. गुन्हेगाराला निदान काहीतरी मिळालेलं असतं, त्यातून तो वकिलाला देईल. ज्याने काही केलं नाही त्याने कुठून आणायचं? हा मुद्दा मी त्यांच्यासमोर चांगला रंगवून मांडला. त्यांनी तो मान डोलवत ऐकून घेतला. शेवटी त्यांनी आकडा सांगितला. त्या आकड्यात आमच्या कंपनीने एक सेकंडहँड लेथ मशीन घेतली असती.

मी "बरं, बघू" म्हणून उठलो. दारात चष्मा पुसला. आणि हाक आली. मी मनात म्हटलं, आलास ना वाटेवर. मागे वळलो तर असिस्टंट मुलगी हातात कागद घेऊन उभी होती. सल्लामसलतीचं बिल. साहेब तासावर घेतात. फी कशी घेतात हे मला समजावून सांगायला जेवढा वेळ लागला, त्याची ती फी होती. निर्दोष माणसाच्या सवलतीवर मी जे बोललो तेही त्यात धरलं होतं. माझं भाषण मी ऐकवलं आणि त्याचे पैसेही मीच दिले. असा व्यवहार माझ्या उभ्या नोकरीत झालेला नाही.

दुसरे, पत्र्याचे वकील. म्हणजे कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसणारे. यांच्याकडे मासा नव्हता, पण टेबलाखाली कुत्रं झोपलेलं होतं. हे गृहस्थ बोलायला मोकळे. म्हणाले, "आपल्याकडे तासबीस काही नाही. तारखेवर. ज्या दिवशी कोर्टात उभं राहीन त्या दिवसाचे द्यायचे. नाही उभा राहिलो, नाही घेणार." आकडा इतका कमी होता की मी तो दोनदा विचारला. टायपिंग, कोर्ट फीची तिकिटं, झेरॉक्स, कारकुनाचा चहा, हे वेगळं. मी चहाही खाली आणला. अर्धा कप ठरला.

हा दर तक्त्यात लिहिताना मला एक शंका आलीच होती. ज्याला तारखेवर पैसे, तो तारखा का संपवील? अशीच शंका मी दर वर्षी रंगाच्या ठेकेदाराबद्दल नोंदवतो. पण सगळ्यांत स्वस्त म्हणजे सगळ्यांत स्वस्त. ऑडिट शंकेला विचारत नाही.

तिसऱ्या, वकीलबाई. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेला अर्धा खाल्लेला डबा. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. मी बसताच त्यांनी डबा बाजूला सारला आणि विचारलं, "त्याला आज कोर्टात कधी आणणार आहेत?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर, असं म्हणाले."

"मग आपल्याकडे वेळ कमी आहे. चोरी त्याने केलीय का?"

"फी तीच राहणार असेल तर त्याचा काय संबंध?" मी विचारलं. मी आता जाणकार झालो होतो.

त्यांनी पेन उघडलं. "फीशी नाही. अर्जात काय लिहायचं त्याच्याशी आहे. तुम्ही त्याला विचारलं असेल ना?"

मी म्हणालो, आमचा मुलगा तसा नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग गोदामाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात, राजीनामा कधी दिला, माल कुणी मोजला, असं भराभर विचारलं. यांतलं मला राजीनाम्याचं आणि त्यानंतरच्या मोजणीचंच तेवढं ठाऊक होतं. राजीनाम्यानंतरच माल मोजला हे ऐकून त्या म्हणाल्या, "हे चांगलं आहे. आज जामीन मिळायला हरकत नसावी." आणि फी सांगितली. टप्प्याटप्प्याने होती. जामिनाचे एवढे, त्यातले निम्मे आता. पुढे आरोपपत्र आलं तर तेव्हाचं तेव्हा, खटला चालला तर त्याचं वेगळं. एक पैसा लपवलेला नाही. पत्र्याच्या वकिलापेक्षा जवळजवळ तिप्पट, मोठ्यांपेक्षा पुष्कळ कमी. त्यांनी वकीलपत्राचा कागद माझ्यासमोर सरकवला. "हे घेऊन मी ठाण्यात जाते, त्याची सही घेते. तोवर अर्ज टाइप होईल."

आता कुणीही मला सांगावं, माझं काय चुकलं? समोरचा माणूस लगेच कागद पुढे करतो याचा अर्थ त्याच्या दरात अजून हवा आहे. हे खरेदीतलं पहिलीचं पुस्तक आहे. मी विचारलं, "फायनल काय कराल?"

"हेच फायनल."

"थोडं खाली या. आम्हालाही घरात उत्तर द्यावं लागतं."

"हे पाहा," त्या म्हणाल्या, "माझी दोनला दुसरी केस आहे. तुम्ही आत्ता हो म्हणालात तर मी तुमचं आधी करते. उगाच ताणू नका."

मी म्हणालो, "बरं, बघू."

आणि उठलो. दारात चष्मा पुसला. नीट, दोन्ही काचा. जिन्याच्या वळणावर वाकलो, नाडी सोडली आणि बांधली. वरून काही आवाज नाही. दुसऱ्या बुटाची सोडली, तीही बांधली. वर खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं तेव्हा मी मनात म्हटलं, आली. पावलं वाजली, जवळ आली, आणि वकीलबाई अंगावर कोट चढवत, काखेत फायली घेऊन माझ्या बाजूने खाली उतरल्या. "जरा वाट द्या," म्हणाल्या. मी भिंतीला लागून उभा राहिलो. त्या रस्ता ओलांडून कोर्टात शिरल्यासुद्धा, आणि मी एक पाय पायरीवर ठेवून तसाच.

पाचेक मिनिटांत मी भानावर आलो आणि त्यांच्या मागे धावलो, हेही कुणी सांगत नाही. पण त्या दुसऱ्या केसमध्ये उभ्या होत्या, आणि उभ्या असलेल्या वकिलाला हाक मारता येत नाही. शिपायाने मला ओठांवर बोट ठेवून बाहेर काढलं. तिकडे पोलिसांची गाडी आली होती. मेहुणा पँट धरून उतरला, आणि गर्दीत मला शोधू लागला.

पत्र्याचे वकील मोकळेच होते. मी अर्ध्या कपावर शिक्कामोर्तब केलं.

ते न्यायाधीशांसमोर उभे राहिले, मान झुकवली आणि तारीख मागितली. सोमवारची मिळाली. बाहेर येऊन मला म्हणाले, "उत्तम काम झालं. पुढच्या आठवड्याची देत होते, मी सोमवारची घेतली." मी त्यांना त्या दिवसाचे पैसे दिले. मेहुण्याला परत गाडीत बसवलं तेव्हा तो जाळीतून म्हणाला, "भाऊजी, सोमवारी कितीला?" मी म्हणालो, "पहिल्या झटक्यात." मला तरी काय ठाऊक.

शनिवार-रविवार आमच्या घरी बोलणं असं झालंच नाही. काका आणि मावशी आळीपाळीने येऊन गेले. काका म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं मोठा करा. मावशी म्हणाल्या, गरीब केलात ते बरं केलंत, पण इतका गरीब नको होता. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या बांगड्या आहेत. आधी बोलायचं होतंत." मला ते फार लागलं. मी पैसे नव्हते म्हणून थोडाच थांबलो होतो? पैसे होते. बँकेत होते, घरात होते. प्रश्न दराचा होता. हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो तेव्हा त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. कवळी काढली की त्या बोलत नाहीत.

सोमवारी पत्र्याचे वकील परत उभे राहिले. जामिनाच्या अर्जावर पोलिसांचं लेखी म्हणणं अजून आलेलं नव्हतं. माझ्या वकिलांनी ते लगेच मागवावं म्हणून धरून बसायचं, की नाही? त्यांनी मान झुकवली आणि तारीख घेतली. गुरुवारची. मी त्यांचा कोट धरला आणि म्हणालो, "अहो, त्याला आज सकाळी नोकरीवर हजर व्हायचं होतं."

ते खरोखर दचकले. "मग आधी सांगायचं ना, घाई आहे म्हणून. मला कुणी बोललंच नाही."

बायको माझ्या शेजारी उभी होती. ती वळली, रस्ता ओलांडला, दुसरा मजला चढली. मी मागोमाग जाईपर्यंत तिने पर्समधून पैसे काढून टेबलावर ठेवले होते. वकीलबाईंनी जेवढे सांगितले तेवढे, निम्मे नाही, सगळे. एका शब्दाने भाव केला नाही. मी दारात उभा राहून माझ्याच पैशांची अशी उधळण बघत होतो. वकीलबाई मला म्हणाल्या, "आता आधीच्या वकिलांची ना-हरकत लागेल." पत्र्याचे वकील ना-हरकत द्यायला उभे राहिले, आणि उभे राहिले म्हणून त्याही दिवसाचे पैसे त्यांनी घेतले. नियम म्हणजे नियम. कारकुनाने चहा मात्र पूर्ण कप घेतला.

वकीलबाईंनी गुरुवारची तारीख अलीकडे आणली आणि बुधवारी जामीन झाला. वकीलबाई जेमतेम पाच मिनिटं बोलल्या. राजीनामा, मग मोजणी, किल्ल्या तिघांकडे, मुलगा इथलाच, पळून जाणार कुठे. संपलं. नव्या कंपनीने मंगळवारीच यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं होतं. मेहुण्याने तरी जाऊन विचारलं. तो नवा शर्ट घालून गेला आणि जेवायच्या आत परत आला.

पुढे यथावकाश ते मिक्सरचे खोके मालकाच्या दुसऱ्या दुकानात माळ्यावर सापडले. मालकाने तक्रार मागे घेतली. माफी वगैरे नाही, "गैरसमज झाला" एवढंच. मेहुणा आता एका हार्डवेअरच्या दुकानात हिशोब बघतो. पगार जुन्यापेक्षाही कमी.

घरात या विषयावर माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि मला कुणी न बोललेलं सहन होत नाही. म्हणून एका रविवारी मी मेहुण्याकडे गेलो. तक्ता बरोबर घेतला होता. पत्र्याच्या वकिलाने दोन तारखांत काम केलं असतं तर किती वाचले असते, ते मी त्यात लाल शाईने दाखवलं होतं. त्याच्या भल्यासाठीच सगळं केलं, हे त्याला आकड्यांत कळावं अशी माझी इच्छा होती. आकडे खोटं बोलत नाहीत.

सासूबाईंनी चहा दिला आणि आत गेल्या. मेहुण्याने तक्ता घेतला, शांतपणे वाचला, घडीवर घडी घालून मला परत दिला.

"बरोबर आहे हिशोब," तो म्हणाला. "दुकानात मीही असंच करतो."

मला जरा बरं वाटलं. मी म्हणालो, "त्या वेळी सगळे मलाच..."

"भाऊजी," तो म्हणाला, "एक सांगू? पोलिसांनी विचारलं, मी चोरी केली का. वकीलबाईंनी विचारलं. त्या पत्र्याच्या वकिलानेसुद्धा विचारलं. तुम्ही नाही विचारलंत."

"अरे, मला खात्रीच होती. तू तसला नाहीस."

"मग तेवढंच म्हणायचं होतं ना. मी संध्याकाळपासून त्याचीच वाट बघत होतो, की घरचं कुणी येईल आणि म्हणेल, तू नाही केलंस. तुम्ही आलात आणि विचारलंत, कधीपर्यंत सुटायला हवंस."

तो चिडून बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं होती. पण तो अगदी साध्या आवाजात बोलला, आणि माझा रिकामा कप उचलून बशीत ठेवला.

मी तक्ता खिशात घातला. म्हणालो, "बरं, निघतो मी."

तो "हं" म्हणाला.

मी दारात थांबलो. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागे बघितलं नाही, बघायचं नसतं. सावकाश जिना उतरलो आणि वळणावर खाली वाकलो. पायात चपला होत्या. तरी वाकून राहिलो. कंबर भरून येईपर्यंत राहिलो.

वर त्याने हळूच दार लोटलं आणि कडी लावली. मग मी उरलेल्या पायऱ्या उतरलो आणि घरी आलो.